सरकारी दवाखाना आणि विम्याचे कार्ड : पूर्णेच्या रुग्णाने काय जाणून घ्यावे?

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर सकाळच्या वेळी उभे राहिले, तर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांत काही मंडळी सहज ओळखू येतात. एकाच्या हातात एक्स-रेचे मोठे पाकीट असते. दुसऱ्याच्या पिशवीत भाकरीचा डबा, चादर आणि पाण्याची बाटली असते. सोबतच्या वृद्ध मातेला हळूच बाकावर बसवले जाते. ही मंडळी दवाखान्यात निघालेली असतात. पूर्वेला नांदेड आणि पश्चिमेला परभणी, दोन्ही शहरे येथून साधारण तीस किलोमीटरवर आहेत. तालुक्याच्या ठिकाणी जे होत नाही, त्यासाठी पूर्णेकराला या दोहोंपैकी एक दिशा धरावी लागते.

अलीकडे त्या एक्स-रेच्या पाकिटासोबत आणखी एक वस्तू आलेली आहे, ती म्हणजे कार्ड. कोणाकडे शासनाच्या योजनेचे, तर कोणाकडे खासगी विमा कंपनीचे. कार्ड हाती आले की मनुष्य निर्धास्त होतो आणि विचारतो, “आता दवाखान्याची काळजी मिटली ना?” हा प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर अनेकांना रुग्णालयाच्या खिडकीपाशी, नको त्या वेळी मिळते. ते आधीच मिळावे, या हेतूने प्रस्तुत लेखात सरकारी आरोग्यसेवा आणि आरोग्यविमा या दोन व्यवस्था प्रत्यक्षात कशा चालतात, हे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

तीन दुखणी, तीन उत्तरे

प्रथम तीन प्रसंग डोळ्यांपुढे आणू या.

पहिला प्रसंग. ऐन पावसाळ्यात सोयाबीनची खुरपणी करणाऱ्या बाईला साप चावतो. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांपैकी एखाद्याचे विष अंगात भिनू लागले, तर हाताशी फार वेळ नसतो. त्या घटकेला तिला हवे असते प्रतिविषाचे औषध, ते देऊ शकणारे डॉक्टर आणि तेथवर नेणारे वाहन. विम्याची रक्कम कितीही मोठी असली, तरी जवळच्या दवाखान्यात औषध व डॉक्टर नसतील तर ती रक्कम निरुपयोगी ठरते. प्रतिविष शासकीय आरोग्यसंस्थांत विनामूल्य दिले जाते. येथे खरा आधार सरकारी दवाखान्याचा.

दुसरा प्रसंग. पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याच्या छातीत कळ येते. तपासणीत हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली आढळते. डॉक्टर तातडीने अँजिओप्लास्टी करण्यास सांगतात. ही सोय मोठ्या शहरातच मिळते आणि खासगी रुग्णालयात तिचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. अशा वेळी पूर्वी बैलजोडी विकली जाई, शेत गहाण पडे किंवा सावकाराचे दार ठोठावले जाई. येथे विमा किंवा शासनाची योजना घर वाचवू शकते.

तिसरा प्रसंग सर्वांत नेहमीचा. घरातील आजीला मधुमेह आणि रक्तदाब आहे. तिला रुग्णालयात दाखल होण्याची गरज नाही. परंतु दर महिन्याला तपासणी आणि दररोज गोळ्या हव्यात. हा खर्च एकदम मोठा नसतो म्हणून तो कोणाच्या नजरेत भरत नाही. पण तो आयुष्यभर चालतो. आश्चर्याची गोष्ट अशी की, बहुतेक विमा पॉलिसी आणि शासनाच्या विमा योजनाही या खर्चाला हात लावत नाहीत. त्यांचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर असतो. आजीला पुन्हा सरकारी दवाखान्याकडेच वळावे लागते, अन्यथा स्वतःच्या खिशाला हात घालावा लागतो.

या तीन प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. विमा बिल भरतो. दवाखाना उभा करणे हे त्याचे काम नव्हे. दोन्हींची गरज आहे, मात्र दवाखाना आधी हवा आणि कार्ड त्यानंतर.

सरकारी सेवेची उतरंड

आपल्या देशातील सरकारी आरोग्यसेवेचा आराखडा सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली मांडला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालाचे मूळ सूत्र होते. पूर्णा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. परंतु पुढे सर्व देशाने जो साचा स्वीकारला, तोच आज येथेही आहे.

सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, पुढे जिल्हा रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, अशी ही उतरंड आहे. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली सुरू झाले. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशा कार्यकर्त्या आल्या. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. त्यानुसार शासकीय संस्थेत बाळंतपण, गरज पडल्यास सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सर्व विनामूल्य मिळणे हा मातेचा हक्क झाला. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर धावू लागली.

यात आणखी एक महत्त्वाची भर पडली. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार यांचे शुल्क पूर्णपणे माफ झाले. मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण या वेगळ्या विभागाकडे असल्याने तो निर्णय त्यांना लागू करण्यात आला नव्हता. म्हणून ग्रामीण रुग्णालयात एक रुपयाही लागला नाही, तरी पुढे महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवल्यावर काही शुल्क भरावे लागू शकते. तेथे जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

‘फुकट’ उपचाराचा खर्च

शुल्क माफ झाले म्हणजे उपचार फुकट झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पूर्णेहून मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या मजूर कुटुंबाचा हिशेब मांडून पाहा. रुग्णाची मजुरी बुडते. सोबतच्या माणसाचीही बुडते. प्रवासखर्च, नातेवाइकाचे जेवण, एखादे औषध बाहेरून आणण्यास सांगितले तर त्याचे पैसे आणि तपासणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर पुन्हा एक खेप. यांपैकी बहुतेक खर्चांची पावती शासनाकडे किंवा विमा कंपनीकडे चालत नाही.

शिवाय सरकारी व्यवस्थेवरील ताण डोळ्यांआड करता येत नाही. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात अर्भके होती. या घटनेच्या कारणांविषयी पुष्कळ वाद झाला. तथापि आसपासच्या जिल्ह्यांतील अत्यवस्थ रुग्ण शेवटी एकाच ठिकाणी येऊन पडतात, ही गोष्ट त्यातून संपूर्ण देशापुढे आली. खालच्या पायऱ्या भक्कम नसल्या की सर्व भार वरच्या पायरीवर पडतो. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि औषध उपलब्ध असणे ही केवळ तालुक्याची सोय नसते. महाविद्यालयाच्या रुग्णालयातील पुढच्या रुग्णासाठीही ती एक रिकामी खाट असते.

शासनाची विमा योजना

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत शेजारचा नांदेड जिल्हा होता. परभणीसह उर्वरित राज्यास ती नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत आणि ९७१ प्रकारच्या उपचारांचे संरक्षण तिने दिले. २०१७ साली तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. केंद्र शासनाची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात या दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या.

प्रारंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना हा लाभ मिळे. परभणीसह चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही त्यात सामावून घेण्यात आले होते. १ जुलै २०२४ पासून योजनेची व्याप्ती वाढली. संरक्षणाची मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपये झाली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट राहिली नाही. सत्तर वर्षे व त्यावरील नागरिकांसाठी, उत्पन्न कितीही असले तरी, केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून स्वतंत्र संरक्षण सुरू केले.

हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि योजनेचे चार नियम ध्यानात घेतल्यावाचून कार्डाचा उपयोग होत नाही. पहिला, रुग्णालय योजनेत अंगीकृत असले पाहिजे; आपल्या गावातील परिचयाचे डॉक्टर कितीही चांगले असले, तरी त्यांचे रुग्णालय यादीत नसेल तर कार्ड तेथे चालणार नाही. दुसरा, आजार व उपचार योजनेच्या यादीत असला पाहिजे आणि काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात. तिसरा, उपचारांपूर्वी मंजुरी घ्यावी लागते. तातडीच्या वेळी ती दूरध्वनीवरून घेता येते. चौथा, यादीतील उपचारांसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी ‘वरचे’ पैसे मागितले, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करावी.

येथे एक विसंगती जाणवते. जेथे मोठी रुग्णालये अधिक, तेथे कार्डाचा उपयोग अधिक. मोठ्या शहरातील गरिबाला एक दार बंद असले तर दुसरे ठोठावता येते. पूर्णा तालुक्यातील गरिबाच्या हाती त्याच पाच लाखांचे कार्ड असते. परंतु ते वापरण्यासाठी त्याला आधी तीस किलोमीटर जावे लागते.

खासगी पॉलिसी : काय मिळते, काय मिळत नाही

व्यापारी, शिक्षक, नोकरदार मंडळी आता खासगी आरोग्यविमा घेऊ लागली आहेत. रेल्वे कर्मचाऱ्यांना त्यांच्या खात्याची स्वतंत्र वैद्यकीय व्यवस्था असते. इतरांना हप्ता भरून संरक्षण विकत घ्यावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाल्याने या हप्त्यांना थोडा दिलासा मिळाला आहे.

पॉलिसी घेतली त्याच दिवसापासून सर्व आजारांना संरक्षण मिळते, हा समज चुकीचा आहे. अपघात वगळता पहिले तीस दिवस सामान्यतः दावा करता येत नाही. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या काही ठरावीक आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. आधीपासून असलेल्या आजारांसाठी हा काळ कमाल चार वर्षे असे. एप्रिल २०२४ पासून तो कमाल तीन वर्षे करण्यात आला. अर्जात मधुमेह किंवा रक्तदाब लपवणे सर्वांत घातक असते. एजंट ‘काही लिहू नका’ असे म्हणाला, तरी पुढे दावा नाकारला जातो तो एजंटचा नव्हे, आपला.

दुसरी अडचण खोलीच्या भाड्याची. समजा, तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला तीन हजार रुपये आहे आणि आपण सहा हजारांची खोली घेतली. पाच दिवसांचे भाडे तीस हजार, डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचे साठ हजार आणि औषधांचे चाळीस हजार, असे एकूण एक लाख तीस हजारांचे बिल झाले. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतल्यामुळे कंपनी भाड्याचे निम्मे, म्हणजे पंधरा हजार देईल. एवढ्यावरच हे थांबत नाही. अशी अट असलेल्या पॉलिसीत डॉक्टर व शस्त्रक्रियेच्या खर्चालाही तेच प्रमाण लागते आणि साठांपैकी तीसच हजार मिळतात. औषधांचे चाळीस हजार धरून कंपनीचा वाटा पंच्याऐंशी हजार होतो. उरलेले पंचेचाळीस हजार आपल्याला भरावे लागतात. केवळ खोली बदलल्यामुळे एवढा फरक पडतो!

तिसरी अडचण तालुक्याच्या गावाची. विमा नियमांनुसार ‘रुग्णालय’ या शब्दाची ठरलेली व्याख्या आहे. संस्थेची कायद्याप्रमाणे रीतसर नोंदणी असली पाहिजे; ती नसल्यास दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान दहा खाटा, अहोरात्र डॉक्टर व परिचारिका आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह असले पाहिजे. म्हणून दाखल होण्यापूर्वी ‘आपली नोंदणी आहे का?’ असे विचारण्यात संकोच नसावा. रुग्णालय कंपनीच्या यादीत नसेल, तर सर्व पैसे आधी स्वतः भरून नंतर कागदपत्रे पाठवावी लागतात. ज्याच्याजवळ ती रक्कम आधीच हाताशी नाही, त्याचा विमा असूनही खोळंबा होतो.

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे वकिलाची गरज नसते आणि शुल्कही नसते.

इतर देशांचा धडा

आजारपणाचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न सर्व देशांपुढे आला. जर्मनीने १८८३ साली कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी करांच्या पैशातून चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण थायलंडचे आहे. त्या देशाने २००१ साली, केवळ तीस बाथ देऊन उपचार मिळवून देणारी योजना आरंभली आणि तिचे जगभर कौतुक झाले. परंतु त्याआधीची काही दशके त्यांनी ग्रामीण भागात जिल्हा-तालुका रुग्णालये बांधण्यात आणि तेथे डॉक्टर पाठवण्यात खर्ची घातली होती, हे फारसे सांगितले जात नाही. कार्ड दाखवायला दार होते, म्हणून कार्ड चालले.

आपल्या देशातही सुधारणा झाली आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भाग लोकांच्या खिशातून जात होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. तरीही त्या वर्षी सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

घरात आज काय करावे?

आजार सांगून येत नाही. कागदपत्रांची तयारी मात्र आधी करता येते. शिधापत्रिकेवर घरातील सर्वांची नावे आहेत का आणि ती आधार कार्डाशी जुळतात का, हे आज पाहावे. सून घरात आली, बाळ जन्मले, तरी नावे चढवायची राहून जातात आणि नेमकी त्यांच्याच आजारपणात ती उणीव उघडी पडते. परभणी व नांदेड येथील कोणती रुग्णालये कोणत्या उपचारांसाठी अंगीकृत आहेत, याची माहिती घेऊन ती घरात लिहून ठेवावी. ऊसतोडीला किंवा कामासाठी हैदराबाद, पुण्याकडे जाणाऱ्या कुटुंबांनी आपले नाव आयुष्मान भारतच्या यादीत आहे का, ते जाण्यापूर्वी तपासावे. कारण त्या यादीतील कुटुंबाला राज्याबाहेरील अंगीकृत रुग्णालयातही लाभ मिळू शकतो. खासगी पॉलिसी असेल तर खोलीभाड्याची मर्यादा, प्रतीक्षाकाळ आणि यादीतील रुग्णालये या तीन गोष्टी एका कागदावर उतरवून घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही समजावून द्याव्यात. पॉलिसी ज्याच्या नावावर असते, पुष्कळदा तोच खाटेवर असतो.

कोणतेही कार्ड नसेल, तरी एक दार आहे. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे. ही दया नसून हक्क आहे. विचारताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

शेवटची गोष्ट अधिक मोलाची. ज्याला परवडते तो खासगी रुग्णालयाकडे वळतो आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे की नाही, याची चौकशी करणे हळूहळू सोडून देतो. मग तेथे उरतात ते ज्यांचा आवाज कोठेच पोहोचत नाही असे लोक. वाचकहो, आपल्या घरी विम्याचे कार्ड असो वा नसो, आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असतात का, प्रतिविष आहे का, महिन्याच्या गोळ्या संपल्या तर नाहीत ना, हे ग्रामसभेत विचारणे आपले काम आहे. रात्री दोन वाजता शेतातून उचलून आणलेल्या शेजाऱ्याला आपले कार्ड उपयोगी पडणार नाही. त्याला उघडे दार आणि जागा असलेला डॉक्टर हवा आहे. तो तेथे असावा म्हणून दिवसा चौकशी करणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.